दुखणं सगळ्यांचं, सुटका एकटीची: कोरियन मालिकांतली नोकरदार बाई

१९९७च्या आर्थिक अरिष्टानंतर दक्षिण कोरियातल्या बँका आणि कंपन्या माणसं कमी करायला लागल्या. ‘नोंगह्योप’ या राष्ट्रीय कृषी सहकारी संघाने १९९९ साली त्यासाठी एक निकष शोधला. नवरा आणि बायको दोघंही संघाच्याच नोकरीत असतील, तर त्यांच्यातल्या एकाने राजीनामा द्यावा असा दबाव आला. कुणी द्यायचा, हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं. अशा ७६२ जोडप्यांपैकी ७५२ जोडप्यांतल्या एकाने नोकरी सोडली, आणि त्यांत ६८८ बायका होत्या. काही जणी कोर्टात गेल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि हरल्या. तेवीस वर्षांनी, २०२२ मध्ये, ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ या मालिकेच्या बाराव्या भागात हेच प्रकरण एका काल्पनिक विमा कंपनीच्या नावाने आलं. नायिका वू यंग-वू कंपनीचं वकीलपत्र घेतलेल्या बड्या फर्ममध्ये नोकरी करते, त्यामुळे तिला चुकीच्या बाजूला बसावं लागतं. समोर नोकरी गेलेल्या बायका असतात आणि कामगारांचे खटले लढवण्यात आयुष्य घातलेली एक वकीलबाई. मालिकेला निकाल फिरवणं सहज शक्य होतं. तिने तो फिरवला नाही. बायका हरतात, आणि निकालानंतर सगळ्या मिळून जेवायला बसतात.

हा भाग कोरियन मालिकांच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या प्रवासात मला फार मोलाचा वाटतो, कारण एरवी त्यांत जे जवळजवळ घडतच नाही ते इथे घडतं. नोकरी करणाऱ्या बाईला काय सोसावं लागतं, हे या मालिका विलक्षण बारकाईने दाखवतात. मुलाखतीतले प्रश्न, ऑफिसच्या पार्ट्या, गरोदरपणाबद्दलची कुजबुज, सणावाराला सासरी उपसावं लागणारं काम, यांतलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. दुखणं व्यवस्थेचं आहे, हेही त्यांना नेमकं ठाऊक असतं. पण कथा शेवटाकडे वळली की सुटका मात्र त्या एकटीची होते. ती राजीनामा देते, स्वतःचं दुकान काढते, किंवा तिला भला पुरुष भेटतो. ऑफिस होतं तिथेच राहतं, सासर होतं तिथेच राहतं, आणि आपल्याला ती वाचल्याचं समाधान मिळतं. मालिकांचा स्त्रीवाद किती सच्चा आहे, हे नायिका किती तडफदार आहे यावरून जोखण्याची आपल्याला सवय लागली आहे. मला वाटतं, शेवटी कोण बदलतं, यावरून तो जोखायला हवा.

या मालिका कोणत्या देशात बनतात, हे थोडं ध्यानात घ्यायला हवं. स्त्री-पुरुषांच्या पगारांतली तफावत श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटात कोरियामध्ये सगळ्यांत मोठी आहे. ती तीस टक्क्यांच्या आसपास आहे, आणि १९९६ साली तो देश या गटात आला तेव्हापासून हा क्रमांक त्याने सोडलेला नाही. कुटुंबप्रमुख पुरुषच असावा असं सांगणारी ‘होजू’ ही नोंदणीपद्धत २००८च्या १ जानेवारीला संपली. तोवर बाप गेल्यावर कुटुंबप्रमुखपद आईला डावलून मुलाकडे जायचं, मग तो मुलगा रांगता का असेना. समान संधीचा कायदा १९८७ पासून आहे. तरीही मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या बायकांची संख्या इतकी मोठी, की त्यांच्यासाठी सरकारदरबारी स्वतंत्र वर्ग करावा लागला. परत कामावर आल्या तर बहुतेकींना कंत्राटी, कमी पगाराचं काम मिळतं. २०२३ साली तिथला जननदर ०.७२ पर्यंत उतरला, म्हणजे एका बाईमागे सरासरी एक मूलही नाही. मालिकांच्या गुलाबी प्रेमकथांच्या मागे हे सगळं आहे. या कथा लिहिणाऱ्या नामवंत लेखकांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्यामुळे हे त्यांना माहीत नाही असं म्हणण्याची सोय नाही.

त्यांतल्या ज्येष्ठ लेखिका किम सू-ह्यन. त्यांची ‘व्हॉट इज लव्ह’ ही मालिका १९९१-९२ मध्ये एमबीसीवर आली तेव्हा अर्ध्याहून अधिक देश ती पाहत होता. एका घरात बापाच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, दुसरं घर मोकळंढाकळं, आणि त्या मोकळ्या घरातली शिकलेली मुलगी पहिल्या घरात सून म्हणून येते. करड्या बापाची भूमिका ली सून-जे यांनी अशी केली, की तो जुलमीही वाटतो आणि लोभसही. पुढे शेकडो मालिकांनी हीच वाट धरली. पुरुषसत्ता म्हणजे एका म्हाताऱ्याचा हेकट स्वभाव, आणि स्वभावाला औषध म्हणजे गोड बोलणारी सून. पण याच लेखिकेने २००८ मध्ये ‘मॉम्स डेड अपसेट’ लिहिली. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात घालवलेली आई त्यात घरच्यांकडे एका वर्षाची रजा मागते, वेगळी खोली घेऊन राहते आणि पुस्तकं वाचते. घरकाम हीसुद्धा नोकरी आहे आणि तिला रजा असली पाहिजे, ही मागणी घराघरांत लागणाऱ्या कौटुंबिक मालिकेतून येणं ही मोठी गोष्ट होती. त्यावर त्या देशात कडाक्याचे वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र रजा म्हटली की परत हजर होणं आलंच. ती बाई नसताना घराने कसं चालावं, याची कायमची व्यवस्था मालिकेने मांडली नाही.

दरम्यान नायिका कामाला लागली होती. ‘ज्वेल इन द पॅलेस’ या २००३-०४च्या ५४ भागांच्या मालिकेतली चांग-गुम राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून वैद्यकीत शिरते आणि राजाची वैद्य होते. प्रेक्षकसंख्येचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं, आणि आशियाभर लोकांनी तिला आपलं म्हटलं. तिच्या कथेत प्रेम दुय्यम आहे. शिकणं, चुकणं आणि हात सुधारणं हाच रस आहे. ‘माय लव्हली साम-सून’ने २००५ मध्ये केक-पेस्ट्री करणारी, तिशीत आलेली, गबदुल आणि तोंडाळ नायिका आणली. दोन वर्षांनी ‘कॉफी प्रिन्स’मधल्या मुलीने, कॅफेत फक्त पुरुष घेतात म्हणून, पुरुषाच्या वेशात नोकरी धरली. शेवटी लग्नाआधी ती कॉफीचं शिक्षण घ्यायला इटलीला जाते, हे मला आजही धीट वाटतं. या तिघी कसबाच्या जोरावर उभ्या आहेत. पण कसब हाच जर प्रवेशाचा परवाना असेल, तर सामान्य वकुबाच्या बाईने काय करायचं, हा प्रश्न उरतो. पुरुषाला नोकरीत सामान्य असण्याची मुभा असते. मालिकेतल्या बाईला ती अजूनही क्वचितच मिळते.

२०१४ साली टीव्हीएनवर ‘मिसेंग’ आली आणि ऑफिस पहिल्यांदा खऱ्या ऑफिससारखं दिसलं. युन ते-हो यांच्या वेबटूनवरून किम वॉन-सोक यांनी ती दिग्दर्शित केली होती. एका व्यापारी कंपनीतले चार शिकाऊ उमेदवार आणि त्यांचे वरिष्ठ, एवढाच पसारा. चौघांत सर्वांत हुशार अन यंग-ई ही मुलगी. तिच्या विभागातले पुरुष तिला कामच देत नाहीत. देतात ती सटरफटर हमाली, आणि बोलतात ते तिच्या बाई असण्याबद्दल. ती भांडत नाही, तक्रार करत नाही. ती हमालीही निमूट करते, आणि हळूहळू त्याच पुरुषांचा विश्वास मिळवते. तिच्याच इमारतीत सन जी-यंग ही अधिकारी आहे, लहान मुलीची आई. पाळणाघरातून मुलीला आज कुणी आणायचं यावर नवऱ्याशी रोजची ओढाताण. मुलीने काढलेल्या घरच्यांच्या चित्रात आईला चेहराच नसतो, कारण आई सतत घाईत, पाठमोरीच दिसते. एक सहकारी पुन्हा गरोदर असल्याचं कळल्यावर विभागातले पुरुष ज्या सुरात बोलतात, तो सूर या मालिकेने इतका अचूक पकडला आहे, की त्यानंतर कुणाला अहवाल वाचायची गरज उरू नये. आणि तरी यंग-ईच्या कहाणीचा निष्कर्ष काय? सोसत राहा, काम उत्तम करा, एक दिवस ते तुम्हाला मानतील. कंत्राटी नायकाच्या बाबतीत ही मालिका असं खोटं आश्वासन देत नाही. तो कितीही राबला तरी कंपनी त्याला कायम करत नाही. वर्गाच्या प्रश्नावर इतकी कठोर असलेली मालिका बाईच्या प्रश्नावर मवाळ होते, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

चार वर्षांनी जेटीबीसीवर ‘समथिंग इन द रेन’ आली. २०१८च्या जानेवारीत सो जी-ह्यन या सरकारी वकील महिलेने त्याच वाहिनीच्या बातम्यांत येऊन वरिष्ठाने केलेल्या छळाबद्दल सांगितलं होतं, आणि कोरियातली ‘मी टू’ चळवळ तिथून पेटली होती. मार्चमध्ये सुरू झालेल्या या मालिकेतली युन जिन-आ कॉफीच्या साखळी दुकानांवर देखरेख करणारी, पस्तिशीतली. ऑफिसनंतरच्या ‘होएशिक’मध्ये, म्हणजे साहेबांबरोबरच्या सक्तीच्या जेवणात आणि दारूत, ती वर्षानुवर्षं हसतमुख राहिली आहे. कराओकेत खंजिरी वाजवून साहेबांची करमणूक करते म्हणून तिला ‘युन खंजिरी’ हेच नाव पडलं आहे. छळ सोसणारी बाई छळाला हातभार लावते आहे असं का दिसतं, याचं इतकं समंजस चित्रण मी दुसऱ्या कुठल्या लोकप्रिय मालिकेत पाहिलेलं नाही. ती थकलेली आहे, आणि हसणं हा तिच्या कामाचाच न लिहिलेला भाग आहे. मग ती नकार द्यायला शिकते आणि तक्रार करते, तेव्हा कंपनीची यंत्रणा तिलाच बाजूला सारते. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण नकार द्यायचं बळ तिला कुठून येतं? धाकट्या प्रियकराच्या प्रेमातून; आपण मोलाच्या आहोत हे त्याने सांगितल्यामुळे. ऑफिसातल्या दुसऱ्या बायका तिच्यासारख्याच गांजलेल्या आहेत, काही जणी बोलायला तयारही होतात, तरी कथेचा कणा प्रेमकथाच राहतो. शेवटी ती नोकरी सोडते आणि जेजू बेटावर जाते. कंपनीचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी उरत नाही.

राजीनाम्याचा हा शेवट एकदा ध्यानात आला की जिथे तिथे दिसायला लागतो. साम-सून स्वतःचं दुकान काढते. ‘किंग द लँड’मधली हॉटेल कर्मचारी बढत्या आणि अपमान दोन्ही भोगून अखेर स्वतःचं छोटं हॉटेल उघडते. ‘एजन्सी’मधली गो आ-इन जाहिरात कंपनीतली पहिली स्त्री-संचालक. तिला ते पद मिळतं तेच मुळी वर्षभराच्या शोभेसाठी, मालकाच्या मुलीची वाट मोकळी व्हावी म्हणून. हे कळल्यावर ती त्या सापळ्यालाच हत्यार करते, जिंकते, आणि जिंकल्यावर आपली वेगळी कंपनी काढते. हे शेवट आनंदाचे आहेत आणि नायिकांनी तो आनंद कमावलेला आहे. पण कोरियात आधीच दर चार-पाच कमावत्या माणसांमागे एक जण स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगतो, आणि त्यांतले पुष्कळसे नोकरीतून बाहेर फेकले गेले म्हणून तिथे आलेले असतात. नोकरीतून बाहेर पडावं लागणं हेच जिथे बाईचं मूळ दुखणं आहे, तिथे बाहेर पडणं हीच तिची मुक्ती म्हणून दाखवायची, यात नकळत कंपनीचीच सोय होते. १९९९च्या त्या ६८८ राजीनाम्यांनाही स्वखुशीचेच म्हटलं गेलं होतं.

याच्या उलट दिशेची कथा आहे परत येणाऱ्यांची, आणि अलीकडची उत्तम कामं मला याच कथांत दिसतात. ‘रोमान्स इज अ बोनस बुक’ची कांग दान-ई एके काळची नावाजलेली जाहिरात-लेखिका. लग्न आणि मूल यांत सात वर्षं गेली, घटस्फोट झाला, आणि आता तिला कुणी दारात उभं करत नाही. मुलाखत घेणाऱ्या, तिच्याहून लहान बायका तिला सुनावतात, की आम्ही टिकून राहिलो, तुम्ही सोडून गेलात. शेवटी ती आपलं शिक्षण लपवते आणि बारावी पास म्हणून प्रकाशनसंस्थेत किरकोळ कामाची कंत्राटी नोकरी धरते. खोटी पदवी दाखवून नोकरी मिळवल्याचे किस्से आपण ऐकतो. खरी पदवी लपवावी लागणं हा त्याहून भीषण प्रकार आहे, आणि २०१९च्या या हलक्याफुलक्या मालिकेने तो मध्यभागी ठेवला. ‘बर्थकेअर सेंटर’ या २०२०च्या आठ भागांच्या मालिकेत कंपनीतली सर्वांत तरुण संचालक बाळंतपणानंतरच्या सुश्रूषाकेंद्रात सर्वांत वयस्कर आई म्हणून दाखल होते. ऑफिसात अधिकाराने वावरणारी ती, स्तनपानाच्या प्रश्नावर तिथे सगळ्यांत खालच्या पायरीवर जाते. आईपणाचीही कशी उतरंड असते, कोण ‘खरी’ आई आणि कोण अर्धवट, हे या मालिकेने फार धारदारपणे दाखवलं. २०२३ची ‘डॉक्टर चा’ सगळ्यांत जास्त पाहिली गेली. वैद्यकीचं पुढचं शिक्षण सोडून वीस वर्षं घर सांभाळलेली चा जंग-सुक यकृत निकामी होऊन मरणाच्या दारात पोहोचते. शल्यविशारद नवरा यकृताचा तुकडा द्यायला कचरतो आणि त्याची आई त्याला मागे ओढते. ती वाचते आणि नवऱ्याच्याच रुग्णालयात तरुण पोरांबरोबर निवासी डॉक्टर म्हणून रुजू होते. शेवटी ती घटस्फोट घेते, तिच्यावर जीव असलेल्या दुसऱ्या डॉक्टरलाही नकार देते, आणि स्वतःचा दवाखाना काढते. भला पुरुष हा शेवट या मालिकेने ठामपणे नाकारला, याचं श्रेय तिला द्यायला हवं. पण दुकान उरलंच.

या मालिकेतली सासू मराठी प्रेक्षकाला परकी वाटणार नाही, आणि तिच्यामुळेच माझा दुसरा आक्षेप निघतो. कोरियन मालिकांत पुरुषसत्तेला चेहरा बहुतेक वेळा बाईचा असतो. पैशांचं पाकीट पुढे करून गरीब मुलीला मुलाच्या आयुष्यातून जायला सांगणारी श्रीमंत आई, सुनेला टोचणारी सासू, मुलीला लग्नाच्या बाजारात ढकलणारी जन्मदाती. ‘समथिंग इन द रेन’मध्येही बॉसपेक्षा जास्त राग प्रेक्षकाला नायिकेच्या आईचा येतो. सासरा मात्र पेपर वाचत असतो. ज्याच्या सोयीसाठी सगळं चाललं आहे तो निरुपद्रवी, आणि त्याच्या वतीने पहारा देणारी बाई खलनायिका. या सोयीस्कर वाटणीला छेद देणारी मालिका म्हणजे ‘म्योनुरागी’. सू शिन-जी यांच्या वेबटूनवरून ती २०२०मध्ये छोट्या छोट्या भागांत आली. नवी सून मिन सा-रिन सासूच्या वाढदिवसाला पहाटे उठून समुद्रशेवाळाचं सूप करते. नवऱ्याच्या पूर्वजांच्या श्राद्धविधीला, ज्याला ‘जेसा’ म्हणतात, परक्या घरातून आलेल्या सुना राबतात आणि त्या पूर्वजांचे सख्खे वंशज बाहेर गप्पा मारतात. कामासाठी तिला परदेशी जायचं ठरतं, तर सासूला काळजी मुलाच्या जेवणाची. इथे कुणी ओरडत नाही. सासू दुष्ट नाही, नवरा तर प्रेमळच आहे. दुष्ट माणूस एकही नसताना अन्याय कसा पार पडतो, हेच या मालिकेला दाखवायचं होतं आणि ते तिने दाखवलं. ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’ने २०१७मध्ये याच प्रश्नाचा हिशेब मांडला होता. करारापुरतं लग्न केलेली नायिका सासरच्या जेसाला राबून येते, तेव्हा नवरा तिच्या माहेरी जाऊन वर्षभराची किमची घालण्याच्या कामाला जुंपून घेतो. प्रेमाने नाही, देणं फेडायचं म्हणून. मला हा प्रसंग अनेक प्रेमप्रसंगांपेक्षा प्रगत वाटतो.

घरातल्या कामाबद्दलचं सर्वांत कठोर विधान मात्र ‘माय लिबरेशन नोट्स’ या २०२२च्या मालिकेत आहे. नोकरी करणाऱ्या तीन भावंडांच्या कंटाळ्याची ही कथा म्हणून आपण पाहत असतो. त्यांची आई नवऱ्याच्या सिंक बनवण्याच्या कारखान्यात हात लावते, शेतात जाते, आणि तिन्ही त्रिकाळ सगळ्यांना जेवू घालते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, प्रेक्षकाचंही नाही. एक दिवस भात शिजत ठेवून ती जरा आडवी होते आणि उठत नाही. त्यानंतर घर ज्या वेगाने विस्कटतं, त्यावरून ते कुणावर उभं होतं हे कळतं. पुढे बाप दुसरं लग्न करतो. रिकाम्या जागी बाई येते, कामाची वाटणी तशीच राहते. इथे मालिका खोटा दिलासा देत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मालिका हे स्वप्न आहे, समाजशास्त्राचा प्रबंध नव्हे. दिवसभर राबून आलेल्या बाईला स्वप्न बघू द्या. हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच स्वप्नाचा तपशील पाहणं भाग आहे. इथला पुरुष स्वयंपाक करतो, ऐकतो, तिच्या कामाचा अभिमान बाळगतो. म्हणजे मागणी राजपुत्राची नाही, साध्या माणुसकीची आहे, आणि ती स्वप्नात ढकलावी लागते यातच सगळं आलं. पण स्वप्नालाही मर्यादा घातलेल्या दिसतात. या मालिका काळात मागे जातात, भुतं आणतात, देह बदलतात. ‘मॅरी माय हजबंड’मध्ये नायिका मरून दहा वर्षं मागे येते. कोरियन कायद्याने बापाला वर्षभराची बालसंगोपन रजा कधीची दिली आहे, आणि कागदावर ती जगातल्या सर्वांत उदार रजांपैकी आहे. ती घेऊन घरी बसलेला नायक मात्र शोधावा लागतो. जे कायद्यात आहे ते कल्पनेत नाही, याचा दोष वास्तवावर टाकता येत नाही.

दुसरा आक्षेप काळाचा: आता चित्र बदललं आहे, ‘सर्च: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ पाहा. क्वोन दो-उन यांच्या या २०१९च्या मालिकेत दोन इंटरनेट कंपन्यांच्या शिखरावर तीन स्त्रिया आहेत. त्या एकमेकींशी लढतात, एकमेकींना मानतात, आणि पुरुष त्यांच्या गोष्टीत प्रेमापुरते येतात. बे ता-मीला लग्न करायचं नाही, आणि तिच्या या नकारामागे कुठलीही जुनी जखम दाखवलेली नाही. उद्योगपतीच्या घरची सून सोंग गा-ग्योंग सासूच्या मुठीतून बाहेर पडते. ही मालिका खरोखरच मोठी झेप आहे, तिला प्रेक्षक माफक मिळाला तरी. मात्र या स्त्रिया संचालक आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. इमारतीत झाडू मारणारी, कॉल सेंटरवर शिव्या खाणारी, मॉलच्या काउंटरवर दिवसभर उभी राहणारी बाई नायिका क्वचितच होते, आणि झालीच तर तिची गरिबी प्रेमकथेतला अडथळा म्हणून येते. नो ही-ग्योंग यांच्या ‘लाइव्ह’मध्ये नायिका पोलिसात भरती होते, कारण खासगी नोकऱ्यांच्या मुलाखतींत बाई म्हणून तिला डावललं जातं. असे साधे, पोटाच्या कारणांचे निर्णय आणखी दिसायला हवेत.

तिसरा आक्षेप कलेचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. गोष्ट एका माणसाची असते, संघटनेवर मालिका उभी राहत नाही. पण २०१९च्या ‘व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स’ने हे खोटं ठरवलं. लिम सांग-चुन यांची दोंग-बेक ही एकटी आई, लहान गावात खानावळवजा बार चालवणारी. खाण्याच्या किमतीत आपला हात धरणं किंवा आपलं हसू येत नाही, असं ती गिऱ्हाइकाला बजावते. सुरुवातीला गावातल्या बायकाच तिला टाकून बोलतात. पुढे खुनी तिच्या मागावर आहे हे कळल्यावर त्याच बायका, न सांगता, तिच्याभोवती पहारा उभा करतात. प्रेमळ पोलीस नायक आहेच, पण तिला वाचवण्याचं काम तो एकटा करत नाही. ही मालिका त्या वर्षी तुफान चालली. म्हणजे प्रेक्षकाला एकजूट पचत नाही, ही समजूत निर्मात्यांची आहे, प्रेक्षकाची नव्हे.

याच लेखिकेने आणि ‘मिसेंग’च्याच दिग्दर्शकाने २०२५मध्ये ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ केली, आणि माझ्या म्हणण्याच्या दोन्ही बाजू तिच्यात एकत्र सापडतात. जेजू बेटावर समुद्रात बुडी मारून पोट भरणारी आई, एकोणतिसाव्या वर्षी मेलेली. तिची मुलगी ए-सून, कविता करणारी. आणि ए-सूनची मुलगी गुम-म्योंग, सोलला शिकायला गेलेली. शाळेत ए-सूनला सर्वाधिक मतं पडतात, तरी वर्गप्रमुख पैसेवाल्याचा मुलगा होतो आणि ती उपप्रमुख. सासरी तिच्या मुलीनेही पाणबुडी व्हावं म्हणून विधी मांडला जातो, तेव्हा ती ते ताट उलथवते. पुरुषांच्या आणि बायकांच्या जेवणाच्या वेगळ्या पंक्तीत नवरा ग्वान-शिक एक दिवस पाठ फिरवतो आणि बायकोकडे तोंड करून जेवतो. जगभरातल्या प्रेक्षकांनी हा प्रसंग डोक्यावर घेतला, आणि ग्वान-शिकसारखा नवरा हवा म्हणून हळहळ व्यक्त केली. तो प्रसंग सुंदर आहे. पण त्याच मालिकेत पुढे ए-सून गावातल्या मच्छीमारांच्या संघाची प्रमुख म्हणून निवडून येते, त्या गावात या पदावर बसलेली पहिली बाई. ती राजीनामा देऊन बाहेर पडत नाही, वेगळं दुकान काढत नाही. जिथे तिला डावललं गेलं त्याच गावात, शेजाऱ्यांच्या मतांवर, सार्वजनिक अधिकार मिळवते. ग्वान-शिकच्या चांगुलपणाला सोळा भागांत तासन्‌तास मिळाले. या निवडणुकीला, आणि तिने त्या पदावर बसून काय केलं याला, त्यातला एक पूर्ण भाग द्यायला हवा होता.